युद्धकाळात विद्यापीठांनी काय जपावे?

प्रश्न : युद्ध पेटलेले असताना माणसांना अन्न, औषधे आणि निवारा हवा असतो. अशा वेळी विद्यापीठे चालू ठेवण्याचा आग्रह धरणे आणि त्यातही शाश्वत विकासाची भाषा बोलणे ही चैन नव्हे काय?

उत्तर : पहिल्या काही आठवड्यांपुरता आपला आक्षेप रास्त आहे. त्या काळात व्याख्यानांपेक्षा वसतिगृहांतील खोल्या अधिक उपयोगी पडतात आणि वर्ग बंद राहिले म्हणून फारसे बिघडत नाही. परंतु अनेक युद्धे वर्षानुवर्षे चालतात, आणि तेवढा काळ शिक्षण थांबले तर युद्धानंतर देश उभा करण्यासाठी लागणारी डॉक्टरांची, अभियंत्यांची व शिक्षकांची एक पिढीच घडत नाही. जपानने १९३७ मध्ये चीनवर आक्रमण केल्यानंतर पेकिंग, चिंग्हुआ आणि नानकाई ही तीन विद्यापीठे प्रथम चांग्शा येथे आणि १९३८ मध्ये तेथून कुनमिंग येथे हलवण्यात आली. विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने हे दीर्घ अंतर मुख्यतः पायी कापले. १९५७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे यांग आणि ली हे दोघेही या तिन्हींच्या मिळून कुनमिंगमध्ये चाललेल्या संयुक्त विद्यापीठात शिकले. नोबेलचा उल्लेख अशा वेळी हमखास होतो, पण माझ्या मते अधिक मोलाचे आहेत ते तेथून शिकून निघालेले आणि नावाने कोणालाही ठाऊक नसलेले पदवीधर.

आता शाश्वत विकासाविषयी. भावी पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणे, अशी त्याची व्याख्या संयुक्त राष्ट्रसंघाने नेमलेल्या ब्रुंटलँड आयोगाने १९८७ मध्ये केली. युद्ध नेमके याच्या उलट करते : फ्रान्समधील व्हर्दंच्या परिसरात पहिल्या महायुद्धातील दारूगोळ्यामुळे आणि विषारी अवशेषांमुळे काही जमीन शंभराहून अधिक वर्षांनंतरही वापरायोग्य झालेली नाही. हानी किती झाली हे ठरवायचे तर हानीपूर्वीची स्थिती ठाऊक असावी लागते. युक्रेनमधील काखोव्का धरण ६ जून २०२३ रोजी फुटले. त्यानंतर नीपर नदीच्या खोऱ्यात पाणी, माती आणि मासे यांत काय बदलले हे सांगायचे असेल, तर पूर्वी वर्षानुवर्षे घेतलेल्या मोजमापांशीच तुलना करावी लागते. अशा नोंदी सातत्याने ठेवण्याचे काम विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत होते. त्या जळाल्या की भरपाईचा दावाही लंगडा पडतो.

पोलंडची राजधानी वॉर्सॉचे उदाहरण येथे फार बोलके आहे. तेथील तंत्रविद्यापीठाच्या वास्तुकला विभागाने युद्धापूर्वी शहरातील जुन्या इमारतींची मोजमापे घेऊन नकाशे तयार केले होते. जर्मन ताब्याच्या काळात पोलिश उच्च शिक्षणावर बंदी असतानाही हे काम गुप्तपणे चालू राहिले आणि जर्मनांविरुद्धच्या १९४४ च्या उठावानंतर शहर उद्ध्वस्त होत असताना कागदपत्रांचा मोठा भाग बाहेर नेऊन लपवण्यात आला. जुन्या शहराची पुनर्बांधणी ज्या साधनांच्या आधारे झाली त्यांत ही रेखाटने होती. १९८० मध्ये युनेस्कोने त्या भागाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

प्रश्न : परंतु शस्त्रांचे संशोधनही विद्यापीठांतच होते. मग युद्धाच्या हानीविषयी बोलण्याचा नैतिक अधिकार त्यांना कोठून मिळतो?

उत्तर : तो आपोआप मिळत नाही, हे खरे. वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर गाल्स्टन यांनी इलिनॉय विद्यापीठात १९४३ च्या सुमारास सोयाबीनला लवकर फुले यावीत यासाठी एका रसायनाचा अभ्यास केला; जास्त मात्रेत त्याने पाने गळतात हेही त्यांच्या लक्षात आले, आणि पाने झडवणाऱ्या रसायनांच्या लष्करी संशोधनाशी या कामाचा पुढे संबंध जोडला गेला. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैन्याने अशा रसायनांची फवारणी सुरू केल्यावर त्याविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांत हेच गाल्स्टन होते. १९७० मध्ये हार्वर्डचे मॅथ्यू मेसेल्सन यांच्या नेतृत्वाखालील पथकाने तेथे जाऊन परिणामांची पाहणी केली, आणि १९७१ मध्ये ही फवारणी मोहीम थांबली. ती थांबण्यास इतरही कारणे होती, तरी शास्त्रज्ञांच्या दबावाचा वाटा नाकारता येत नाही. संस्थेला नैतिक अधिकार मिळायचा तर तिच्यातील माणसांना आपल्याच सरकारच्या विरोधात पुरावे मांडण्याची मुभा असावी लागते.

प्रश्न : दूरच्या, शांततेत असलेल्या विद्यापीठांनी काय करावे?

उत्तर : आश्रय द्यावा, परंतु माणसे कायमची ओढून घेऊ नयेत. नाझी राजवटीने हाकललेल्या अध्यापकांसाठी अर्थतज्ज्ञ विल्यम बेव्हरिज यांच्या पुढाकाराने १९३३ मध्ये ब्रिटनमध्ये साहाय्य परिषद स्थापन झाली, आणि तिच्यामुळे अनेकांचे काम वाचले. त्या अध्यापकांना परत जाण्याजोगी संस्थाच उरली नव्हती. युक्रेनमधील दोनेत्स्कचे विद्यापीठ मात्र २०१४ पासून विनित्सा येथे स्थलांतरित होऊन चालू आहे, मारिउपोलचे विद्यापीठ कीव्हमध्ये चालते. अशा विद्यापीठातील अध्यापकाला नेमणूक देताना त्याला मूळ संस्थेतील विद्यार्थ्यांना दूरस्थ पद्धतीने शिकवत राहण्याची मोकळीक द्यावी, पदवी संयुक्तपणे द्यावी आणि त्या संस्थेच्या नोंदींच्या प्रती आपल्या संगणकांवर विनामूल्य सांभाळाव्यात. यांतील शेवटचे काम सर्वांत स्वस्त आहे आणि ते युद्ध सुरू होण्यापूर्वीही करता येते.