महापौर, आयुक्त, नगरसेवक : मुंबईच्या पालिकेतले शब्द आणि त्यांच्यामागचा कारभार

प्रश्न असा आलाय : 'महापौर' मधला 'पौर' म्हणजे नक्की काय, हा शब्द जुना आहे की कोणी बनवलेला, आणि निवडून आलेल्या माणसाला नगरसेवक म्हणायचं, नगरपिता म्हणायचं की सरळ कॉर्पोरेटर. त्यालाच जोडून विचारलंय की नावात 'महा' असूनही महापौरापेक्षा आयुक्तच मोठा का वाटतो. मला हे सगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले वाटतात, कारण पालिकेतले हे शब्द एका दिवसात बसून कोणी ठरवलेले नाहीत, कारभार जसजसा बदलत गेला तसतसे ते येऊन बसलेत. मुंबईचंच उदाहरण घेऊन लिहितो, बाकीच्या शहरांचं जिथे वेगळं आहे तिथे सांगतो.

आधी 'पौर'. पुर म्हणजे शहर, आणि पुरात राहणारा तो पौर. संस्कृतात पहिल्या अक्षराची अशी वृद्धी होऊन नवा शब्द तयार होतो, पुत्राचा तो पौत्र, कुरूंचे ते कौरव, तसाच पुरातला पौर. जुन्या ग्रंथांत 'पौरजानपद' अशी जोडी सारखी येते, पौर म्हणजे शहरातली माणसं आणि जानपद म्हणजे खेड्यापाड्यातली. तेव्हा महापौर म्हणजे शहराचा राजा नव्हे, शहराचा धनी नव्हे, तर शहरवासीयांमधला प्रमुख, आपल्यातलाच एक पण पहिला. शब्दात 'पती' नाही, 'पाल' नाही, 'अधि' नाही हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

शब्दाचे घटक जुने आहेत पण 'महापौर' हा जोडशब्द आपल्याकडे सावरकरांनी रूढ केला. रत्नागिरीत स्थानबद्धतेत असताना, म्हणजे १९२४ ते १९३७ या काळात, त्यांनी भाषाशुद्धीची जी चळवळ चालवली त्यातून आलेले नगरपालिका, महापालिका, महापौर हे शब्द आज आपण इतके सहज वापरतो की ते कधी नवे होते हे खरं वाटत नाही. त्याच चळवळीतले कितीतरी शब्द लोकांनी उचललेच नाहीत, हे मात्र टिकले, आणि 'महापौर' तर हिंदीनेही घेतला. मला वाटतं तो टिकायचं कारण तो अचूक आहे हेच आहे. बंगालीने दुसरी वाट धरली, कोलकात्याच्या पालिकेचं बंगाली नाव 'पौरसंस्था' आणि मेयरला तिथे 'महानागरिक' म्हणतात. म्हणजे संस्थेच्या नावात त्यांनी पौर ठेवला आणि माणसाच्या नावात नागरिक, आपण नेमकं उलटं केलं. कन्नडमध्ये शहराची साफसफाई करणाऱ्या कामगारांना 'पौरकार्मिक' म्हणतात, हा शब्द मला फार आवडतो, शहराचा पहिला माणूस आणि शहर झाडणारा माणूस दोघांच्या नावात तोच पौर आहे.

आता इथे एक गंमतीची माहिती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शहराचा कारभार बघणाऱ्या अधिकाऱ्याला 'नागरिक' म्हटलंय आणि त्याच्या हाताखाली 'स्थानिक' आणि 'गोप' असे अधिकारी आहेत, गोपाकडे ठराविक कुटुंबांची नोंद ठेवायचं काम. म्हणजे तेव्हा 'नागरिक' हा साहेब होता. आज तो शब्द आपल्या सगळ्यांना लागतो, आणि साहेबाला आपण 'आयुक्त' म्हणतो.

तर आयुक्त. हाही जुनाच, युज् धातूवरून, युक्त-नियुक्त-आयुक्त हे एकाच घरातले. गुप्त काळातल्या लेखांत 'आयुक्तक' नावाचे अधिकारी सापडतात. अर्थ सरळ आहे : नेमलेला. म्हणजे बघा, शब्दांनीच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर दिलंय, महापौर हा पौरांमधून आलेला आणि आयुक्त हा वरून नेमलेला, मुंबईत राज्य सरकारने नेमलेला. उरलेलं निम्मं उत्तर मात्र इतिहासात आहे आणि ते जरा सविस्तर सांगायला पाहिजे, कारण बहुतेक लोकांना वाटतं की ब्रिटिशांनी आपल्यावर कमिशनर लादला आणि विषय संपला. तेवढं सोपं नाही ते.

१८६५ च्या कायद्याने मुंबईत पालिका आली पण तिच्यात बसायचे ते 'जस्टिस ऑफ द पीस', सरकारने नेमलेले प्रतिष्ठित लोक, त्यात युरोपियन होते, शेठ-सावकार होते, पण निवडून आलेलं कोणी नाही. कमिशनर होते आर्थर क्रॉफर्ड, ज्यांच्या नावाचं मार्केट आपण अजून क्रॉफर्ड मार्केटच म्हणतो (पाटीवर महात्मा फुले मंडई असलं तरी). क्रॉफर्डनी कामं धडाक्यात केली, शहराचं आरोग्य सुधारलं, पण पैसाही तसाच उधळला आणि १८७१ च्या सुमाराला करदाते खवळले. त्यावेळी बहुतेकांचं म्हणणं होतं की एका माणसाच्या हातात सगळा कारभार नको, तो काढून कमिटीकडे द्या. पण विशीतला एक तरुण बॅरिस्टर उभा राहिला आणि म्हणाला की दोष एकच कार्यकारी अधिकारी असण्यात नाही, दोष त्याच्यावर लक्ष ठेवणारे लोक निवडलेले नसण्यात आहे, अधिकारी एकच ठेवा पण त्याच्या डोक्यावर करदात्यांनी निवडलेली सभा बसवा. तो तरुण म्हणजे फिरोजशहा मेहता. बोरीबंदर स्टेशनातून बाहेर पडल्यावर पालिकेच्या इमारतीसमोर ज्यांचा पुतळा दिसतो ते.

१८७२ च्या कायद्यात ६४ जणांची सभा झाली, त्यातले ३२ करदात्यांनी निवडलेले, १६ जस्टिस लोकांनी निवडलेले आणि १६ सरकारने नेमलेले. मतदार म्हणजे अर्थातच पट्टी भरणारे मोजके लोक, चाळीत भाड्याने राहणाऱ्याला कोण विचारतंय. मग १८८८ चा कायदा आला, सभासद ७२ झाले, आणि हाच कायदा शेकडो दुरुस्त्या होऊन आजही मुंबईत लागू आहे. आजच्या मुंबईतला महापौर-आयुक्त संबंध समजून घ्यायचा तर तो याच कायद्यात बघावा लागतो. सभा धोरण ठरवणार आणि बजेट मंजूर करणार, स्थायी समिती पैशावर आणि कंत्राटांवर नजर ठेवणार, आणि अंमलबजावणीचे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे. या तीन खांबांत सभेचा अध्यक्ष, म्हणजे आजचा महापौर, हा स्वतंत्र खांब नाहीच. तो सभा चालवतो, शहराचा पहिला माणूस म्हणून मिरवणुकीत पुढे असतो, पण रस्ता खोदायची किंवा बांधकाम पाडायची ऑर्डर त्याच्या सहीने निघत नाही. लंडन किंवा न्यूयॉर्कच्या मेयरला लोक थेट निवडतात आणि तो खरोखर कारभार चालवतो, ते चित्र डोक्यात ठेवून मुंबईकडे बघितलं की महापौर 'नामधारी' वाटतो. पण 'महापौर' या मराठी शब्दाने कारभारी असल्याचा दावा कधी केलाच नव्हता. पौरांमधला पहिला, एवढंच तो म्हणतो.

आणि एक गोष्ट आवर्जून सांगतो कारण ही चूक छापील मजकुरातही दिसते. फिरोजशहा मेहता मुंबईचे 'महापौर' होते असं लिहितात. ते या सभेचे अध्यक्ष होते, आणि एकदाच नाही, पण त्या काळी पदाचं नाव 'प्रेसिडेंट' होतं. 'मेयर' हे नाव मुंबईत १९३१ मध्ये आलं आणि जे. बी. बोमन बेहराम हे पहिले मेयर. त्यामुळे त्याच्या आधीच्या विठ्ठलभाई पटेलांनाही अध्यक्षच म्हणावं. योगायोग असा की रत्नागिरीत भाषाशुद्धीचं काम जोरात होतं त्याच वर्षांत मुंबईत हे नवं पद आलं, म्हणजे पद आणि त्याचा मराठी शब्द जवळजवळ एकाच काळात तयार झाले.

महापौराला खरी सत्ता द्यायचा प्रयोग मुंबईत झालाय बरं का. १९९८ मध्ये 'मेयर-इन-कौन्सिल' पद्धत आणली, म्हणजे महापौर आणि त्याचं छोटं मंत्रिमंडळ कारभार बघणार अशी कल्पना. वर्षभरात ती गुंडाळली गेली आणि पुन्हा १८८८ चीच घडी. माझं स्पष्ट मत आहे की तो प्रयोग इतक्या लवकर सोडायला नको होता, निदान एक पूर्ण टर्म तरी चालवून बघायचा. या पद्धतीला रुळलेलं मराठी नाव मिळायच्या आत ती गेली, पेपरातसुद्धा 'मेयर-इन-कौन्सिल' असंच देवनागरीत छापायचे. उलट बाजूने बघायचं तर मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर सलग तीन वर्षांहून जास्त काळ निवडणूकच झाली नाही आणि आयुक्तच 'प्रशासक' म्हणून सगळं बघत होते. तेव्हा पौर कुठेच नव्हते, फक्त आयुक्त होते. फिरोजशहांनी १८७१ मध्ये ज्या अवस्थेविरुद्ध भाषण केलं ती याहून फार वेगळी नव्हती, आणि याबद्दल शहरात जेवढी ओरड व्हायला पाहिजे होती तेवढी झाली नाही याचं मला वाईट वाटतं.

आता नगरसेवक की नगरपिता. 'नगरपिता' हा इंग्रजीतल्या 'सिटी फादर्स'चा सरळ अनुवाद आहे, जुन्या पेपरांत भरपूर सापडतो, आणि ज्या काळात सभेत बसणारे खरंच शहरातले धनिक आणि वडीलधारे होते त्या काळाला तो शोभतही असेल. पण १९२२ मध्ये भाडेकरूंना मत मिळालं, १९२० च्याच दशकात सरोजिनी नायडू आणि अवंतिकाबाई गोखले सभेत आल्या, १९४८ ची निवडणूक प्रौढ मतदानाने झाली, मग 'पिता' कशाला? आणि बाईला काय म्हणणार, नगरमाता? आज महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, तिथे 'नगरपिता' पूर्णच अडतो. 'नगरसेवक' चं 'नगरसेविका' सहज होतं आणि ते लोकांनी कुणी न सांगता केलंय. म्हणून बोलताना-लिहिताना नगरसेवकच वापरा असं मी म्हणेन. कायद्याच्या मराठी पाठात मात्र 'पालिका सदस्य' असतं, तेव्हा अर्ज, नोटीस, कोर्टाचं काम असेल तर तो शब्द. 'कॉर्पोरेटर' हा आपल्याकडचा इंग्रजी शब्द आहे, १८८८ च्या कायद्याच्या इंग्रजीत 'कौन्सिलर' आहे, बोलण्यात कॉर्पोरेटर आला तर काही बिघडत नाही.

जे निवडून न येता तज्ज्ञ म्हणून घेतलेले असतात त्यांना 'स्वीकृत नगरसेवक' म्हणतात, त्यांना सभेत बोलता येतं पण मत देता येत नाही. आणि 'स्थायी समिती' मधलं स्थायी म्हणजे तिचे सभासद कायम असतात असं नाही, इतर महापालिकांत १६ पैकी निम्मे तर दरवर्षी बदलतात. समिती कायम असते, एखाद्या कामापुरती नेमलेली नसते, एवढाच अर्थ.

वॉर्ड आणि प्रभाग हा मुंबईत नेहमीचा घोळ. 'जी नॉर्थ', 'के वेस्ट' हे प्रशासकीय वॉर्ड, तिथे सहायक आयुक्त बसतात आणि पाण्याची तक्रार तिथे करायची. नगरसेवक निवडला जातो तो प्रभागातून आणि असे प्रभाग २२७ आहेत, प्रत्येकातून एकच जण. एका वॉर्डात बरेच प्रभाग येतात. पण बोलताना लोक दोन्हीला वॉर्डच म्हणतात त्यामुळे 'आमच्या वॉर्डचा नगरसेवक' म्हटलं की कुठला वॉर्ड ते विचारावं लागतं. पुण्याला २०१७ मध्ये एका प्रभागातून चार-चार जण निवडले, तिथे 'आमचा नगरसेवक' या एकवचनालाच अडचण झाली.

लहान शहरांत महापौर नसतो, नगराध्यक्ष असतो, आयुक्ताच्या जागी मुख्याधिकारी, आणि १९६५ च्या कायद्यापासून संस्थेचं अधिकृत नाव 'नगरपरिषद', तरी लोक नगरपालिकाच म्हणतात. त्याला चूक म्हणू नका, कारण संविधानाच्या मराठी पाठात 'नगरपालिका' हा सगळ्यांना मिळून शब्द आहे, नगरपंचायत, नगरपरिषद आणि महानगरपालिका हे तिचे तीन प्रकार.

एक शब्द मात्र कटाक्षाने वेगळा ठेवा, 'नगरपाल'. मुंबईत तो 'शेरीफ' या मानाच्या पदासाठी आहे, त्याचा निवडणुकीशी आणि पालिकेशी संबंध नाही, सरकार एखाद्या मान्यवराला नेमतं. महापौरासाठी नगरपाल लिहिलेलं मी वाचलंय, ते चूक आहे.

आणि 'बृहन्मुंबई' लिहिताना 'न' अर्धाच, बृहत् अधिक मुंबई, पुढे म आला म्हणून त् चा न् झाला, जगत् आणि नाथ मिळून जगन्नाथ होतं त्याच नियमाने. 'बृहनमुंबई' नको.

बाई महापौर असेल तर 'महापौरा' करायची गरज नाही, 'महापौर' दोघांनाही चालतो, क्रियापदाने कळतंच. सुलोचना मोदी १९५६ मध्ये मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या, असंच लिहायचं.