जुन्या विनोदी गुन्हेपटांत दागिने चोरणारी बाई एवढी रुबाबदार का दाखवतात? ‘डिझायर’मधली मोत्यांची चोरी प्रत्यक्षात जमेल का?

जमेल. मी डोळ्यांदेखत पाहिली आहे. खरं तर डोळ्यांदेखत झाली आणि पाहिली नाही, असं म्हणायला हवं. मोत्यांच्या जागी पाटल्या होत्या आणि पॅरिसच्या जागी ठाण्याचा नौपाडा, एवढाच फरक.

‘डिझायर’ १९३६चा. दिग्दर्शक फ्रँक बोर्झेगी, निर्माता अर्न्स्ट लुबिच. त्यातली नायिका मार्लीन डीट्रिश पॅरिसमधल्या एका बड्या सराफाकडे जाऊन मोत्यांचा सर पसंत करते आणि सांगते, माझे यजमान मानसोपचारतज्ज्ञ आहेत, माल दवाखान्यात घेऊन या, पैसे तेच देतील. मग त्या डॉक्टरकडे जाऊन सांगते की माझा नवरा सराफ आहे आणि दिसेल त्याच्या हातात बिल ठेवायचा त्याला आजार जडलाय. दोघांना समोरासमोर बसवून बाई मोत्यांसकट पसार. पुढे स्पेनच्या हद्दीवर जकातवाले तपासणी करतात तेव्हा ती तो सर शेजारी उभ्या असलेल्या गॅरी कूपरच्या कोटाच्या खिशात सोडते. कूपर म्हणजे सुट्टीवर निघालेला डेट्रॉइटचा सरळमार्गी मोटार इंजिनियर. त्याला पत्ताच नाही. उरलेला चित्रपट म्हणजे तो खिसा परत मिळवण्याची धडपड, आणि अर्थात प्रेम.

आता माझं सांगते. १९९१पासून बावीस वर्षं मी ठाण्यात गोखले रोडजवळच्या एका सराफी पेढीवर काउंटरला उभी होते. नाव सांगणार नाही, पेढी अजून चालू आहे.

१९९६ची लग्नसराई. तोळ्याचा भाव पाच हजारांच्या आसपास. एक बाई आठवड्यात दुसऱ्यांदा आल्या. पहिल्या खेपेला मोत्याच्या कुड्या घेऊन रोख पैसे देऊन गेल्या होत्या, घडणावळीवरून एका शब्दाची घासाघीस नाही. जाता जाता पाटल्यांचा ट्रे मात्र बराच वेळ न्याहाळला होता. वय चाळिशीच्या आतबाहेर, आकाशी गढवाल, एकच गजरा, आणि बोटात हिऱ्याची अंगठी. ती त्यांनी कुणालाच दाखवली नाही, म्हणजे सगळ्यांना बरोबर दाखवली. त्यांच्या मागून शहापूरकडचं एक कुटुंब मंगळसूत्र करायला आलं, तर बाई मला म्हणतात, “ताई, मला घाई नाहीये हं, त्यांचं आधी बघा, त्यांना गाडी गाठायची असेल.” एवढं समजूतदार गिऱ्हाईक लग्नसराईत देवळात जाऊन मागितलं तरी मिळत नाही. आता कळतं, त्यांना दुकानात गर्दी हवी होती.

शेठ काचेच्या केबिनमधून स्वतः बाहेर आले. उसाचा रस मागवला. पाच वर्षांत माझ्यासाठी चहासुद्धा कधी मागवला नव्हता, पण ते असो. बाईंनी आपल्या हातातल्या पाटल्या उतरवून आमच्याच ट्रेच्या कडेला ठेवल्या आणि आमच्या घालून पाहायला लागल्या. आमच्याकडे एक नियम होता, शेठनीच केलेला: माल बाहेर असताना काउंटर सोडायचं नाही. आणि शेठच म्हणाले, “अगं, ते आतल्या तिजोरीतले तोडे आण, बाईंना दाखव.”

मी गेले. दोन मिनिटं. परत आले तर बाई म्हणाल्या, पाटल्या काही मनात भरत नाहीत, मुलीला घेऊन येईन. तोडे हातात घेतले, छान आहेत म्हणाल्या, रस संपवला, शेठना नमस्कार केला आणि पायऱ्या उतरल्या. मागे मंगळसूत्रवाले खोळंबले होते. मी ट्रे उचलून खणात सरकवला. त्या पाटल्या मी हातात घेतल्या नाहीत. घेतल्या असत्या तर तिथल्या तिथे कळलं असतं, कारण सोनं पितळेच्या दुपटीने जड असतं आणि काउंटरवर पाच वर्षं काढलेल्या बाईच्या तळहाताला वजनकाटा लागत नाही.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून ताळा करायला बसलो. पाटल्यांच्या ट्रेचे नग बरोबर भरले. वजन दोन तोळे कमी.

नग बरोबर आणि वजन कमी. या धंद्यातल्या माणसाला याहून जास्त सांगायला लागू नये. याचा अर्थ एकच, बदली माल आलाय. चार तोळ्यांची जोडी गेली आणि तिच्या जागी दोन तोळे वजनाची मुलाम्याची जोडी बसली. पेढीतल्या माणसाला उचलायचं असतं तर नग कमी भरला असता. तंतोतंत जुळणारी खोटी जोडी घेऊन कोण कामाला येतं? पाच मिनिटं डोकं शांत ठेवून बसलं असतं तर सगळं कळलं असतं. एकेक जोडी कसाला लावली की संपलं.

त्या पाच मिनिटांत शेठनी मावशींची पिशवी काउंटरवर उलटी केली.

मावशी झाडलोट करायच्या. पेढीतला केर कधी फेकत नाहीत, तो साठवून झारेकऱ्याला देतात, त्यातून सोन्याचे कण निघतात. म्हणजे सोन्याचा केर वर्षानुवर्षं ज्या बाईच्या हातून जात होता, तिची पिशवी. आत स्टीलचा डबा, मिसरीची डबी, कळवा ते ठाणे पास आणि नातवासाठी घेतलेली एक दुरेघी वही. मग मला सांगितलं, त्यांना आत नेऊन साडी झटकायला लाव. मी नेलं. त्यांनी झटकली. दोघी एक शब्द बोललो नाही.

मी काही बोलले का नाही, हे तुम्ही विचारलं नाहीये, पण मी स्वतःला विचारते. जोवर त्यांची पिशवी तपासली जात होती, तोवर माझी तपासली जात नव्हती. एवढं साधं आहे ते.

तासाभराने कसोटीवर खोटी जोडी सापडली. शेठ मावशींना म्हणाले, “जा आता घरी.” बस. माझ्या पगारातून महिना दोनशे असे दहा महिने कापले, कारण ‘तू काउंटर सोडलंस’. मी सोडलं हे खरं. कुणी सोडायला लावलं, हे ते शेवटपर्यंत विसरले, आणि दर दिवाळीला नवीन पोरगी कामाला लागली की तिला माझ्यासमोर गोष्ट सांगायचे: “ही एकदा काउंटर सोडून गेली होती.” रसाचा उल्लेख त्या गोष्टीत कधी आला नाही.

मावशी दुसऱ्या दिवशी आल्या. न येऊन सांगतात कुणाला. पण त्या दिवसापासून संध्याकाळी निघताना, कुणी न सांगता, पिशवी काउंटरवर उलटी करायच्या. डबा, मिसरी, पास. मग सगळं परत भरून निघायच्या. शेठ त्या वेळी वहीत डोकं घालून बसायचे. हे जवळजवळ दोन वर्षं चाललं, मग त्यांचे गुडघे गेले आणि त्यांनी काम सोडलं.

आता तुमचा प्रश्न. रुबाब कशाला? तर रुबाबाशिवाय ही चोरीच होत नाही. डीट्रिशचे ते कपडे ट्रॅव्हिस बँटनने बेतलेत, आणि लोक म्हणतात वा, काय कपडे. अहो, घरफोड्याला जशी पहार, तशी ते कपडे तिची पहार आहेत. ती फाटक्या कोटात आली असती तर तो सराफ स्वतः मोती घेऊन दवाखान्यात गेला असता का? नोकराबरोबरसुद्धा पाठवले नसते. आणि या रुबाबाला मालक आधी भुलतो, नोकर नंतर. नोकराला भुलायला वेळ नसतो, त्याला तोडे आणायला पाठवलेलं असतं.

शेवटी ती सुधारते का, तर तेव्हा सुधारावंच लागायचं. १९३४च्या मध्यापासून हॉलिवूडची नीतिनियमावली कडक झाली, गुन्हा करून सुटलेला माणूस पडद्यावर चालेना. त्यामुळे ‘डिझायर’मध्ये ती मोती परत करते, पॅरोलवर सुटते, कूपरशी लग्न करते. त्याच लुबिचने १९३२ साली ‘ट्रबल इन पॅरडाइज’ केला होता, त्यातले दोघे चोर शेवटी एकमेकांचे खिसे कापत टॅक्सीतून मजेत निघून जातात. १९३५मध्ये तो पुन्हा प्रदर्शित करायला परवानगी मिळाली नाही. तो जास्त प्रामाणिक चित्रपट आहे, असं माझ्या दिराचं मत, आणि इथे मी त्याच्याशी सहमत आहे. देव आनंदचा ‘ज्वेल थीफ’ (१९६७) मात्र या पंगतीत बसवू नका. त्यात विनोद कमी आणि टोप्या जास्त.

दिराचं सांगायचं राहिलं. तो प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायटीचा जुना सभासद, परदेशी चित्रपटांचं भलतं वेड. ‘डिझायर’ त्यानेच घरी डीव्हीडी आणून दाखवला. सराफ आणि डॉक्टर समोरासमोर बसतात त्या प्रसंगाला मी सुद्धा खळखळून हसले, खोटं कशाला बोलू. पण हद्दीवर ती मोती कूपरच्या खिशात सोडते तिथे सगळं घर हसलं आणि मी चहा टाकायला उठले. मला एकच दिसत होतं: जकातवाल्याने तो खिसा तपासला असता तर? देखणा गॅरी कूपर आहे म्हणून तपासत नाहीत. तिथे कुणी हमाल उभा असता तर?

दीर म्हणाला, “अहो वहिनी, विनोद आहे तो. नुकसान कुणाचं होतं? सराफाचा विमा असतो.”

हे वाक्य तो आजतागायत, म्हणजे गेली पंधरा-वीस वर्षं, म्हणतोय. गणपतीत, लग्नात, परवा तलावपाळीला फिरताना पण. म्हणून नीट लिहिते. सराफ घेतात त्या विम्याला ज्वेलर्स ब्लॉक पॉलिसी म्हणतात. दरोडा, आग, वाटेतली लूट हे त्यात घेता येतं. पण गिऱ्हाइकाच्या हातात विश्वासाने दिलेला माल गिऱ्हाइकानेच लांबवला, तर ते नुकसान त्यात साधारणपणे वगळलेलं असतं. म्हणजे डीट्रिशची चोरी आणि आमच्या गढवालवाल्या बाईंची चोरी, नेमकी हीच, विम्यात बसेलच असं नाही. मग भरपाई कोण करतं? दहा महिने दोनशे रुपये.

तुम्ही पेढीवर काम करत असाल तर एवढं करा. गिऱ्हाइकाने अंगावरचा जिन्नस उतरवला की तो वेगळ्या ताटलीत, काउंटरच्या त्यांच्या बाजूला. आमच्या ट्रेला त्याचा स्पर्श नको. एका वेळी एकच ट्रे. परत ठेवताना प्रत्येक नग हातात घ्या, नुसता नजरेने मोजू नका. आणि मालक स्वतःचा नियम मोडायला सांगत असेल तर मोठ्याने विचारा, “शेठ, माल बाहेर आहे, जाऊ ना?” चार माणसांनी ऐकलं पाहिजे. मी हे विचारलं नाही.

हल्ली कॅमेरे आहेत, २०२१पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा होत गेला, दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी ओळखक्रमांक असतो. त्यामुळे पकडणं सोपं झालंय. बदलणं तेवढंच सोपं आहे, कारण तो क्रमांक वाचायला भिंग लागतं आणि लग्नसराईत भिंग कुणाच्या हाती असतं?

हेही लिहायला हवं, नाहीतर अन्याय होईल: बावीस वर्षांत गढवाल नेसून आलेल्या शेकडो बायका सज्जन होत्या. शेठही वाईट माणूस नव्हते. माझ्या मुलीच्या बाळंतपणात त्यांनी बिनव्याजी पैसे दिले. आणि मी काही चित्रपटांची जाणकार नाही, डीट्रिशचं काम मला मनापासून आवडतं. चित्रपट जरूर पाहा. दुसऱ्यांदा पाहताना तिच्या चेहऱ्याकडे बघूच नका, फक्त हातांकडे बघा.

हे उत्तर मी दिराला पाठवतेय. भाऊजी, विम्याचा परिच्छेद दोनदा वाचा.