मुलाची शिस्त आणि घरातले आबा

ताई, आपण लिहिले आहे की आपला 9 वर्षांचा मुलगा ऑटिस्टिक आहे, मोबाईल काढून घेतला की तो ताट फेकतो आणि 6 वर्षांच्या बहिणीला मारतो. आपण दिवसभर मोबाईल न देण्याची शिक्षा ठरवता, पण दुपारी सासरे, म्हणजे आबा, ‘जाऊ द्या, बिचाऱ्याला काय समजतं’ असे म्हणून स्वतःचा मोबाईल त्याच्या हातात देतात. आणि रात्री त्याचे वडील दुकान बंद करून आले की दिवसभराचा हिशेब होऊन त्याला फटका बसतो. त्याला शिक्षा समजते का, आणि समजत असेल तर ती या घरात टिकवायची कशी, असे आपले दोन प्रश्न आहेत. माझा मुलगाही ऑटिस्टिक असून आता मोठा झाला आहे. त्याला वाढवताना आणि इतर पालकांच्या सहवासात जे समजले, ते लिहितो.

त्याला समजते, पण कृती आणि परिणाम अगदी लागोपाठ आले तरच. दुपारी फेकलेले ताट आणि रात्री बसलेला फटका यांची सांगड त्याच्या मनात बसत नाही. बाबा घरी आले की मार बसतो, एवढेच तो त्यातून शिकतो. ‘रविवारी शेतात भरीत पार्टीला नेणार नाही’ ही धमकीही तशीच निरुपयोगी आहे, कारण रविवार त्याच्यासाठी फार लांब असतो, आणि त्या दिवशी त्याच्याजवळ घरी थांबायला कोणी नसल्यामुळे शेवटी त्याला न्यावेच लागते. जी शिक्षा आपण पार पाडू शकणार नाही, ती बोलूच नये.

परिणाम छोटा, लगेचचा आणि त्याच गोष्टीशी निगडित असावा. ताट फेकले तर तो शांत होताच, दुसरे काहीही सुरू होण्याआधी, त्याने आपल्या मदतीने सांडलेले उचलावे व फरशी पुसावी. त्या वेळी भाषण नको. मोबाईल आपटला तर त्या दुपारपुरता मोबाईल बंद, मात्र संध्याकाळी नेहमीच्या वेळी तो पुन्हा मिळावा, कारण दिवसभराची बंदी असेल तर त्याला उरलेल्या वेळात नीट वागण्याचे काही कारणच राहत नाही. जेवण, पाणी, झोप, औषध, थेरपी आणि बोलण्यासाठी तो वापरत असलेली चित्रे किंवा कार्डे या गोष्टी शिक्षा म्हणून कधीही काढून घेऊ नयेत. मोबाईल संपण्याआधी त्याला दिसेल असा टायमर लावा आणि पुढे काय होणार आहे त्याचे चित्र दाखवा. निम्मी भांडणे एवढ्यानेच टळतात, असे माझे मत आहे.

मात्र प्रत्येक आरडाओरडा हट्टाचा नसतो. हट्ट करणारे मूल अधूनमधून कोणी पाहते आहे का ते पाहते आणि हवी ती वस्तू मिळाली की थांबते; अनावर झालेले मूल वस्तू मिळूनही थांबत नाही. लग्नसराईत डीजेसमोर किंवा मे महिन्यात 44-45 अंशांच्या उन्हात वीज जाऊन पंखा थांबल्यावर जे होते, ते बहुधा दुसऱ्या प्रकारचे असते. तेथे शिक्षा पूर्णपणे निरर्थक आहे. त्याला शांत, अंधाऱ्या खोलीत नेणे एवढेच आपले काम. एका वहीत आधी काय घडले, त्याने काय केले आणि नंतर घरच्यांनी काय केले, हे तीन रकाने रोज भरले की दोन्हींतला फरक आपल्यालाच दिसू लागेल.

आता आबा. खरी अडचण येथे आहे, आणि ती आबांच्या प्रेमामुळे आहे, हे आधी मान्य करू. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले होते की ज्या वर्तनाला कधी फळ मिळते आणि कधी मिळत नाही, ते वर्तन दरवेळी फळ मिळणाऱ्या वर्तनापेक्षा अधिक चिवट होते. आपण चार वेळा नाही म्हणायचे आणि पाचव्या वेळी आबांनी मोबाईल द्यायचा, याचा अर्थ त्याला पाचव्या वेळेपर्यंत ओरडत राहण्याचे शिक्षणच मिळते. शिवाय कोणतीही सवलत बंद केली की सुरुवातीला वर्तन अनेकदा सुधारण्याऐवजी बिघडते. आवाज वाढतो, मारणेही वाढते. बहुतेक घरे याच टप्प्यावर ‘यापेक्षा आधीचंच बरं होतं’ म्हणून माघार घेतात आणि मुलाला कळते की आता आणखी जोरात ओरडावे लागते. म्हणून हे घरी आधीच सांगून ठेवा. पाहुणे आले आहेत, कानबाईचा उत्सव आहे, आज आपल्याच्याने निभणार नाही असे वाटत असेल, तर त्या दिवशी मोबाईल त्याने ओरडण्याआधीच देऊन टाका. तासाभराच्या आक्रोशानंतर देण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

आबांना ‘तुम्ही लाडावून ठेवता’ असे सांगून काहीही साध्य होणार नाही, आणि सुनेने सासऱ्यांना ते सांगणे आपल्याकडे सोपेही नाही. त्यांच्या मुलाने, म्हणजे आपल्या यजमानांनी, त्यांच्याशी बोलावे आणि त्यांच्याकडून काही काढून घेण्याऐवजी त्यांना एक काम द्यावे. संध्याकाळचा मोबाईल फक्त आबांच्या हातून मिळेल, आणि तोही नातवाने ताट उचलून मोरीत ठेवल्यावर. आधी नावडते काम, मग आवडीची गोष्ट. आबांना नातवाला काहीतरी द्यायचे असते; ते देणे योग्य वेळेवर आणले की झाले. त्याच बोलण्यात यजमानांनीही रात्रीचा हिशेब बंद करण्याचे कबूल करावे, कारण माराने मुलाला नेमके काय करायचे ते कळत नाही, आणि बहिणीला मारण्याचा धडा मात्र मिळतो.

वर्तन अचानक बिघडले असेल तर शिस्तीचा विचार करण्याआधी दात, कान, बद्धकोष्ठता आणि झोप तपासून घ्या. कमी बोलणारे मूल दुखणे वागण्यातून सांगते. त्याला फिट्सचे औषध सुरू असेल तर डॉक्टरांना विचारा, कारण लेव्हेटिरॅसिटॅमसारख्या औषधाने काही मुलांची चिडचिड वाढते. पण औषध स्वतःहून बंद करू नका. शाळेत मारत असतील तर लेखी तक्रार करा. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे.

बहिणीबद्दल आपण फक्त एक ओळ लिहिली आहे, पण तिच्याकडे अधिक लक्ष द्यावे असे मला वाटते. त्याने तिला मारले की सर्वप्रथम तिला जवळ घ्या आणि त्याला न रागावता खेळातून बाजूला करा. मारल्यावर सर्वांची नजर त्याच्याकडे वळली, तर तेच त्याचे बक्षीस ठरू शकते. तिलाही स्पष्ट सांगा की मारण्याला या घरात दोघांनाही मनाई आहे, दादाला ते चित्र दाखवून शिकवावे लागते आणि तिला बोलून. तिने मारले तर तिलाही तोच नियम लावा, अगदी आबांच्या समोर.