नाताळात क्वायर सोडून गावी जावं का?

प्रश्न: मी अमळनेरचा, नोकरीमुळे पुण्यात आहे. दोन वर्षांपासून इथल्या चर्चच्या क्वायरमध्ये गातो. यंदा आई म्हणते, नाताळ घरीच कर. क्वायरमास्तर म्हणतात, पंचवीस तारखेला एकही आवाज कमी पडता कामा नये. कोणाचं ऐकू?

उत्तर:

आईचं ऐका. मात्र मास्तरांना ते आजच सांगा आणि खरं कारण सांगा. घाईत असाल तर वाचणं इथेच थांबवलंत तरी चालेल. मी यातलं काहीच वेळेवर केलं नाही, त्यामुळे माझी जी शोभा झाली ती पुढे लिहितो.

तुम्ही अमळनेरचे, मी त्याच रेल्वे लाइनीवर पश्चिमेला, नवापूर आणि खांडबाऱ्याच्या मधल्या एका गावचा. घरात मावची, शाळेत मराठी, बाजारात निम्मी गुजराती. आमचं नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. एकाच बाकावर शेजारी बसलेली दोन माणसं दोन राज्यांत असतात. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि गावच्या चर्चमधली पेटी मला कळायला लागल्यापासून त्यांच्याच हातात. आमच्याकडे क्वायर असं वेगळं नावच नाही. पेटीच्या उजव्या बाजूला सतरंजीवर जे बसतात ते गाणारे, बाकीचे मागून म्हणणारे, एवढाच फरक.

पुण्यात नोकरी लागली, चर्च सापडलं, आणि तिसऱ्या रविवारी कोणीतरी मागून माझा आवाज ऐकून मला क्वायरमध्ये ओढलं. सुराला पक्का होतो, पण कागद वाचता येत नव्हता. पेटीवाल्याच्या घरचा मी 'पांढरी पाच' म्हणायचो, ते 'जी' म्हणायचे. पट्टी एकच. तरी सहा महिने मी त्या एकाच पट्टीला दबकून होतो.

आता मास्तरांची बाजू, कारण तुमच्या प्रश्नात ती जरा हट्टी माणसाची वाटते आणि तशी ती नसते. चार आवाजांच्या गाण्यात सोप्रानो, म्हणजे बायकांचा वरचा आवाज, चाल म्हणतात. लोकांच्या कानात बसते ती तेवढीच. आल्टो (बायकांचा खालचा आवाज), टेनर आणि बास (पुरुषांचा वरचा आणि खालचा) यांची ओळ सुटी काढून घरी म्हणून बघा, बायको विचारेल बरं वाटत नाही का. एका कॅरलमध्ये, म्हणजे नाताळच्या गाण्यात, आम्हा टेनरना जवळजवळ तीन ओळी एकाच सुरावर उभं राहायचं होतं, आगगाडीची वाट बघत असल्यासारखं. पण तो सूर काढला की वरची चाल पोकळ वाजते. हे मला ऑक्टोबर ते डिसेंबर दर मंगळवारी आणि शनिवारी तालमीला बसल्यावर कळलं, आधी नाही. त्यात सगळीकडे रड एकच, पुरुष कमी. आमच्याकडे सोप्रानो चौदा होत्या, टेनर तीन. तिघांतला एक गावी गेला आणि दुसऱ्याला थंडीत सर्दी झाली की तिसरा एकटा उरतो, आणि एकटा टेनर पहिल्या कडव्यानंतर हळूच सोप्रानोच्या चालीवर सरकतो. मी स्वतः सरकलोय. मास्तरांनी नुसती मान वर करून बघितलं होतं.

तर पहिली दोन वर्षं मी पुण्यातच राहिलो. दुसऱ्या वर्षी पंचवीसच्या सकाळी झगा घालून तयार उभा होतो, तेवढ्यात आईचा फोन. तिने तो गावच्या चर्चच्या खिडकीत ठेवला होता, मला उपासना ऐकू यावी म्हणून. फोनमध्ये बाबांनी पेटीवर सूर धरला आणि गाणं उचललं, ते दीड-दोन पट्ट्या वर. त्यांचा आवाज वयाने खाली आलाय हे त्यांना मान्य नसतं. मी शेजारी असलो की मांडीवर हलकेच थापटून 'खाली घ्या' सांगायचो. त्या दिवशी धृपदाच्या दुसऱ्या ओळीला सगळ्यांचे गळे फाटले, बायका थांबल्या, मग पोरं थांबली, आणि बाबा एकटेच पुढे रेटत गेले. मी फोन बंद केला आणि रांगेत जाऊन उभा राहिलो. आमची उपासना फार सुंदर झाली, लोकांनी तसं सांगितलंही. मला त्यातलं काही आठवत नाही.

तिसऱ्या वर्षी मी खोटं बोललो. तेवीस डिसेंबरला मास्तरांना कळवलं की घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायचंसुद्धा नाही म्हटलंय. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने धुळे. पहाटे पाचला धुळ्याचं स्टँड म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. पारा दहाच्या खाली, कानटोपीतून फक्त नाकं बाहेर. एक कंडक्टर अहिराणीत विचारतो, "कथा जाई ऱ्हायना भो?" (कुठे चाललास भाऊ?) आणि वर्षभर पुण्यात राहून आखडलेलं अंग तिथेच सैल होतं. मग साक्रीवरून कोंडाईबारीचा घाट उतरून विसरवाडी, तिथून जीपने घर. संध्याकाळी शेकोटीवर डफ तापवायचं काम माझ्याकडे आलं (थंडीत कातडं सैल पडतं, तापवल्याशिवाय बोलत नाही), मी डफ वाजवत तोंड उघडून गातोय असा फोटो मामेभावाने काढला, व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावला, आणि मला टॅग करता येत नव्हतं म्हणून खाली माझं नाव लिहिलं. क्वायरमधल्या एका आल्टोकडे त्याचा नंबर का होता हे मला आजही माहीत नाही. पुढे त्यांचं लग्न झालं, ते सोडा.

मास्तर माझ्याशी झावळ्यांच्या रविवारापर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारापर्यंत, बोलले नाहीत. मार्चअखेर. सूचना द्यायच्या त्या माझ्या शेजारच्याला, 'त्यांना सांगा' म्हणून. त्यांना गावी जाण्याचा राग नव्हता, हे नंतर त्यांनीच सांगितलं. माझ्या घशाची काळजी वाटून त्यांनी चोवीसच्या रात्री क्वायरला माझ्यासाठी प्रार्थना करायला लावली होती. हे ऐकल्यावर मला जे वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण त्याच वर्षी गावी मी आणखी एक शहाणपणा केला, तो तुम्ही करू नये म्हणून सांगतो. चोवीसच्या दुपारी मी आमच्या सतरंजीवाल्यांना चार आवाज शिकवायला बसलो.

आमच्याकडची परिस्थिती अशी की दिवाळी आटोपली की गावातली निम्मी कर्ती माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात, बारडोलीच्या बाजूला. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या आधीच्या, चारही रविवारी चर्चमध्ये म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि पाळकसाहेब. कॅरलला घरोघर जायचं तेही पोरंच जातात. दर घरी चहा, कुठे शेंगा-गूळ, आणि रात्री बारानंतर सगळ्यांचे आवाज फाटक्या पोत्यासारखे. मग चोवीस तारखेला मुकादमाकडून दोन दिवस मागून घेतलेली माणसं टेंपोतून उतरतात. पाचटाने हात कापलेले, उभ्या उभ्या झोप येतेय, तरी अंघोळ करून सतरंजीवर. तालीम नाही, कागद नाही. गाणी तोंडपाठ. सव्वीसला टेंपो परत जातो.

अशा माणसांना मी म्हटलं, तुम्ही चौघं हा सूर धरा, बाकीच्यांनी चाल म्हणा. माझ्या आत्याने पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आम्ही गाणं म्हणायचं नाही का?" तिचं चुकलं नव्हतं. 'उपासना संगीत' या आमच्या गाण्यांच्या पुस्तकातली निम्मी आवडती गाणी ज्या घडणीची आहेत, तिला वेगवेगळे आवाज चिकटवावे लागतात, आतून येत नाहीत. कवी ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि १९१९ साली वारले. या चोवीस वर्षांत त्यांनी मराठी ख्रिस्ती माणसाला अभंगाची घडण परत मिळवून दिली असं मला वाटतं. त्याआधी इंग्रजी चालींवर मराठी शब्द कोंबण्याचा उद्योग बराच झाला होता, आणि अजूनही काही गाण्यांत जोर भलत्याच अक्षरावर पडतो तो त्यामुळेच. अभंगाला धृपद असतं, एक सांगतो आणि सगळे उचलतात. ज्याला फक्त धृपद येतं तोही गाण्यात असतो, आणि बारडोलीहून चार वाजता उतरलेला माणूस साडेसहाला त्यात सामील होऊ शकतो. आमच्या पुण्याच्या कॅरलमध्ये हे शक्य नाही. तिथे दोन तालमी बुडल्या की तुम्ही बाहेर.

बाबांनी मला काही म्हटलं नाही. झांज हातात दिली आणि सांगितलं, "तू ताल धर." मी ताल धरला. पेटी मात्र त्यांनी त्या रात्री आपणहून काळी एकवर घेतली.

आता तुमच्या कामाचं. तुम्ही नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात विचारलंय, म्हणजे अजून वेळ आहे, पण थोडा. रेल्वेचं आरक्षण २०२४च्या नोव्हेंबरपासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे चोवीस डिसेंबरचं तिकीट पंचवीस ऑक्टोबरला उघडलं आणि बहुतेक संपलंही. पुण्याहून जळगाव, मग सुरत लाइनीने अमळनेर, हे साधलं तर उत्तम. नाहीतर धुळ्याची बस आणि तिथून जीप आहेच. चाळीसगावकडून येणार असाल तर कन्नडच्या घाटात रात्री अडकायची तयारी ठेवा, आणि ट्रॅव्हल्सवाले सुट्टीत भाडं किती वाढवतील हे मी सांगू शकत नाही, तेही सांगू शकत नाहीत. माझा नियम आता असा आहे की तिकीट काढल्याच्या संध्याकाळी मास्तरांना फोन. क्वायरची तालीमही साधारण तेव्हाच सुरू होते, त्यामुळे त्यांना माझी ओळ दुसऱ्याकडे द्यायला दोन महिने मिळतात.

दुसरं, तुमच्या चर्चमध्ये नऊ वाचनांची कॅरल सर्व्हिस असेल, म्हणजे बायबलमधली नऊ वाचनं आणि मधेमधे कॅरल. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजने १९१८पासून ती पद्धत रुळवली आणि आपल्याकडच्या बऱ्याच शहरी चर्चनी उचलली. क्वायरचा खरा कस लागतो तो त्या दिवशी, आणि ती बहुधा नाताळच्या आधीच्या एखाद्या रविवारी असते. पंचवीसच्या उपासनेत तीच दोन-तीन कॅरल पुन्हा म्हणतात आणि बाकी सगळी मंडळी गाते. मास्तरांना म्हणा, कॅरल सर्व्हिस पूर्ण गाईन, एकही तालीम बुडवणार नाही, त्या रात्री निघेन. मी चौथ्या वर्षी हेच म्हटलं. ते गप्प राहिले, मग डायरीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "एकतीसच्या रात्रीला येशील?" तो सौदा मला महाग पडतो, कारण गावची जागरणाची उपासनाही मला आवडते. पण तीस तारखेला मी निघतो. दोन्हीकडचं सगळं मिळत नाही.

आणि घरी गेल्यावर पाहुण्यासारखे मागच्या बाकावर बसू नका. अमळनेरात तुम्हाला 'पुण्याचा गायक' म्हणून पुढे काढतील, एखादं इंग्रजी कॅरल म्हणायला लावतील. एक म्हणा, मग बाकीच्यांत बसून जे चाललंय ते त्यांच्या सुरात म्हणा. घशाची काळजी पुण्यात घ्या, गावी ती जमत नाही. डिसेंबरात भरिताची वांगी ऐन भरात असतात आणि त्या हिरव्या मिरचीला कोणी नाही म्हणू शकलेलं मी पाहिलं नाही. परत येताना मास्तरांसाठी काहीतरी आणा. मी नवापूरची तूरडाळ आणतो, दोन किलो. आता नोव्हेंबर लागला की तेच विचारतात, यंदा जाणार ना?

एक राहिलं. तुम्ही कोणता आवाज गाता ते लिहिलं नाहीत. बास असाल तर मास्तर चार दिवस फुगून बसतील आणि विसरतील. टेनर असाल तर आधी तुमच्या बाकीच्या टेनरना विचारा की त्यांच्यापैकी कोण गावी जातंय.