जुनी कॉमिक्स एवढी आशावादी होती, म्हणजे तो काळही तसाच होता का?

तुम्ही विचारलंय की साठ ते ऐंशीच्या दशकांतली कॉमिक्स वाचली की सगळं कसं उजळ वाटतं, वाईट माणूस शेवटी सापडतोच, मग तेव्हाची माणसंही तशीच आशावादी होती का, की तोही काळ भकासच होता? आणि आजची कॉमिक्स एवढी काळवंडली का?

पहिल्यांदा एक सांगतो. कॉमिक्सवरून काळ ओळखायला जाऊ नका. सुपरमॅन आला १९३८ साली, अमेरिकेत मंदीने लोक पिचलेले होते तेव्हा. ‘वॉचमेन’ आणि ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ ही काळवंडलेली कॉमिक्स आली १९८६ मध्ये, तिथला शेअर बाजार तेजीत असताना. आणि मधली बरीच वर्षं तर आशा सक्तीची होती. १९५४ मध्ये तिथल्या प्रकाशकांनी स्वतःवर कॉमिक्स कोड, म्हणजे नियमांची यादी, लादून घेतला. चांगल्याने वाइटावर मात केलीच पाहिजे आणि गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, असं त्यात लिहूनच ठेवलेलं होतं. फोटोग्राफरने दटावून हसवलेल्या जोडप्याच्या फोटोवरून संसार सुखाचा होता असं ठरवणार का तुम्ही? १९७१ मध्ये स्पायडरमॅनच्या अंकांत अमली पदार्थांचा विषय आला तर कोडचा शिक्का मिळाला नाही, अंक बिनशिक्क्याचे काढावे लागले.

आपल्याकडे कोड नव्हता, पण संपादकाची कात्री होतीच. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये वेताळापासून, म्हणजे मूळच्या अमेरिकन फँटमपासून, सुरू झालं. मूळ कथेतले ‘सिंग’ चाचे इथे ‘सिंगा’ झाले, वेताळाच्या देशाचं नाव बंगालसारखं ऐकू येतं म्हणून ते डेंकाली केलं. कुणाचं मन दुखायला नको. त्या कागदावर तुम्हाला जे प्रसन्न वाटतं त्यातलं बरंचसं असं हाताने केलेलं आहे.

हे मी एवढ्या तावातावाने लिहितोय त्याला कारण आमचे दाजी. थोरल्या बहिणीचे यजमान, पुण्याचे. त्यांच्या लहानपणी इंद्रजालचा अंक घरी यायचा, वडील बँकेत होते. आज त्यांच्याकडे जाडजूड फायली आहेत, एकेक अंक प्लास्टिकच्या पिशवीत, आणि फाईलच्या पाठीवर चिठ्ठी: ‘सोनेरी दिवस’. दर दिवाळीला फाईल निघते आणि मागून भाषण निघतं. आमच्या काळी माणसं साधी होती, उमेद होती, बघ या चित्रांत दिसतंय ते.

मी वाढलो सोलापूरच्या पूर्व भागात. वडील १९७२च्या दुष्काळात सांगोल्याकडून आलेले. दुष्काळात मिळणाऱ्या परदेशी ज्वारीच्या, लाल मिलोच्या भाकरीचं नाव काढलं तरी आई तोंड वाकडं करायची. वडील चादरीच्या कारखान्यात लागले. आमच्या गल्लीत त्याच कारखान्यात मागावर काम करणारे एक मामा होते, विणकरांच्या पद्मशाली समाजाचे, घरात तेलुगू. संध्याकाळी ते ओट्यावर सुतळी बांधायचे आणि तिच्यावर कॉमिक्स लटकवायचे. दहा पैसे भाडं, तिथेच पायरीवर बसून वाचायचं, घरी न्यायचं नाही. नवा अंक रुपया-दीड रुपयाचा, तो विकत घेणारा आमच्या गल्लीत कुणी जन्मलाच नव्हता.

या अंकांची बांधणी बघण्यासारखी होती. पिना गंजायच्या, पानं सुटायची, म्हणून मामा पाठीला जेकार्डची पट्टी शिवायचे. चादरीवरची नक्षी ज्या भोकं पाडलेल्या लांबट पुठ्ठ्यांवरून विणली जाते ते पुठ्ठे. डिझाइन बदललं की जुने रद्दीत जायचे, तेच हे. पट्टीच्या भोकांतून दोरा ओवलेला, तोही चादरीचाच, बहुधा लाल नाहीतर मोरपंखी. अंक उघडला की पाठीशी करकर वाजायचा आणि त्याला सुताचा, खळीचा वास असायचा.

मामांना मराठी वाचता यायचं नाही. आम्ही वाचून झालं की विचारायचे, “मग काय झालं बे?” आम्ही सांगायचो, ते दुसऱ्या दिवशी मागावर तेलुगूत सांगायचे. त्यांच्या वेताळाला मुलं किती, घोड्याला वैरण कोण घालतं, असल्या चौकशा फार.

सुताचा भाव चढला की मालक पाळ्या कमी करायचा. अशाच एका मंदीत मामांनी ब्लेड घेतलं आणि प्रत्येक अंक मधोमध कापला. दोन भाग, दोन पट्ट्या, दोन भाडी. पहिला भाग दहा पैसे, दुसरा दहा पैसे. आता वेताळ जिंकणार हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते वाचायला आणखी दहा पैसे लागायचे आणि ते नसायचे. त्या वर्षी मी बहुतेक पहिलेच भाग वाचले. वेताळ खांबाला बांधलेला, जादूगार मॅन्ड्रेक खड्ड्यात, इंद्रजालचाच देशी नायक बहादूर डाकूंच्या घेऱ्यात. पहिला भाग तिथे संपायचा. मामांनी विचारलं की शेवट आम्हीच बनवून सांगायचो. एकदा एकाने वेताळाला मारूनच टाकलं, कारण त्या दिवशी त्याच्या बापाला कामावरून काढलं होतं. मामा काही बोलले नाहीत. त्याला दुसरा भाग फुकट दिला वाचायला.

आता सांगा, दाजींचं दशक कुठलं आणि आमचं कुठलं? साल एकच, अंकही तोच.

मागे एकदा मी त्यांच्या फाईलमध्ये बहादूरचा असा एक अंक पाहिला, ज्याचा पहिला भाग मला पाठ होता. हात पुढे केला तर म्हणाले, “आधी हात धुऊन या.” मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. ताईसमोर, भाच्यांसमोर. धुतले. राहिलेली पानं वाचली. शेवटच्या चार चौकटींत सगळे पकडले जातात, एकजण हसतो, संपलं. आमच्या गल्लीतले शेवट याहून बरे होते, हे मी तिथेच बोललो, आणि तेव्हापासून दाजींचं आणि माझं या विषयावर जमत नाही.

बहादूरचंच घ्या. लेखक-चित्रकार आबिद सुरतींनी तो १९७६ मध्ये आणला. नायकाचा बाप डाकू. चंबळचे डाकू १९७२ मध्ये जयप्रकाश नारायणांपुढे शरण आले होते, ही त्या काळातली आशा. आणि नायक पहिल्यांदा येतो तेव्हा देशात आणीबाणी, हाही तोच काळ. दोन्ही एकाच अंकाच्या मागेपुढे उभं आहे. काय म्हणायचं, भकास की आशादायी?

आशा नव्हती असं नाही. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं तेव्हा आता सोलापूरला पाण्याची ददात नाही असं आमचे वडील छातीठोकपणे सांगत. नळाला आजही रोज पाणी येत नाही. पण ती आशा खरी होती, आणि ती कुठल्याही कॉमिक्समध्ये छापलेली नव्हती.

आजची कॉमिक्स काळवंडली का, हा तुमचा प्रश्न राहिलाच. मला वाटतं वाचक मोठा झाला आणि त्याच्या खिशात पैसे आले. काळोखाची चैन परवडायला लागते. शिवाय हे आजचं नाहीच, १९८६ला आलेला राज कॉमिक्सचा नायक नागराज मुळात दहशतवाद्यांसाठीचं हत्यार म्हणूनच तयार केलेला असतो. इंद्रजाल बंद पडलं १९९० मध्ये, आमच्याकडे तोवर सुतळीवर नागराजच लटकत होता.

आता, मी एका गल्लीवरून बोलतोय, हे मान्य. तुमच्या घरी कदाचित खरंच सोनेरी असेल. आणि १९८६ची अमेरिका अणुबॉम्बला घाबरलेली होती, नुसत्या तेजीवर जाऊ नका, हेही लक्षात घ्या. जुने अंक जमवत असाल तर जरूर जमवा, पण पोरांना हाताळू द्या. फाटले तर पट्टी शिवा.

ताई हे उत्तर दाजींना पाठवणार, मला माहीत आहे. दाजी, फायली तुमच्या, अंक तुमचे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. ती चिठ्ठी तेवढी काढा.