बेळगावहून गोमुखला जायचंय. परवाना लागतो का, आणि गंगोत्रीहून एका दिवसात जाऊन येता येईल का?

परवाना लागतोच, आणि एका दिवसात उरकायच्या भानगडीत पडू नका. गोमुख म्हणजे गंगोत्री हिमनदीचं तोंड, ते गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात येतं. दिवसाला 150 जणांनाच सोडतात, म्हणून आधी परवाना, मग गोवा एक्स्प्रेसचं तिकीट. खानापूरच्या चौघांसोबत मी जाऊन आलोय. गंगोत्रीपासून पायी 18 किलोमीटर. 14 वर भोजबासा, मुक्काम तिथेच. आपलं बेळगाव साडेसातशे मीटरवर, गंगोत्रीच 3,100 वर. विरळ हवेची सवय व्हायला गंगोत्रीत एक दिवस नुसता बसून काढा. राजहंसगड चढून केलेली तयारी आमच्या पायांना उपयोगी पडली, दमाला नाही. मे-जून किंवा सप्टेंबर बरा, पावसाळ्यात दरडी कोसळतात. हिमनदीच्या अगदी तोंडाशी मात्र जाऊ नका, बर्फाचे मोठे तुकडे सुटून पडतात.