आत्मकथनावर गप्पा मारायच्या की लेखिकेचा न्यायनिवाडा करायचा?

प्रश्न: आमचा आठ-नऊ जणांचा वाचनाचा ग्रुप आहे. कादंबऱ्यांवर मस्त गप्पा होतात, पण यावेळी एका बाईंचं आत्मकथन घेतलं आणि सगळं बिनसलं. काहीजण म्हणे चाळीस वर्षांपूर्वीचे संवाद शब्दशः कुणाला आठवतात, ही बाई रचून सांगतेय. बाकीचे 'तिने नवऱ्याला तेव्हाच सोडायला हवं होतं' यावर भांडत बसले, मग जो तो आपल्या घरच्या गोष्टी काढायला लागला आणि एक मैत्रीण जी गप्प झाली ती शेवटपर्यंत बोललीच नाही. पुढच्या भेटीत काय करू?

उत्तर: दुसरं पुस्तक घेऊ नका, हेच परत घ्या. बिनसलं कारण तुम्ही सगळे तिच्या आयुष्यावर बोललात, तिने जे लिहिलंय त्यावर कुणी बोललंच नाही.

आत्मकथनात 'मी' दोन असतात, एक जिच्यावर ते सगळं गुजरलं ती आणि एक आज बसून लिहिणारी. दया पवारांनी १९७८ च्या 'बलुतं'मध्ये हे उघडच मांडलंय, तिथे दगडू आपली कहाणी दया पवारला सांगतो आणि दोघं एकच माणूस आहेत. बहुतेक पुस्तकांत मात्र हे दोघं एकाच वाक्यात मिसळलेले असतात, ते आपण सोडवायचे. समजा लिहिलंय की दहा वर्षांची मुलगी दाराआड उभी राहून मोठ्यांचं भांडण ऐकतेय, आणि पुढचंच वाक्य आहे, 'बाबा तेव्हाच आतून खचले होते.' आता हे त्या मुलीला कसं कळणार? हे आजची बाई बोलतेय. मग विचारा, तिला हे कधी कळलं असेल, आणि तिने ते इथेच का घातलं? अशा एका परिच्छेदावर तास कसा जातो कळत नाही, खरंच करून बघा. 'नवऱ्याला सोडायला हवं होतं' याचंही तसंच, आपल्याला पुस्तकाचा शेवट माहितीये, तिला तेव्हा नव्हता.

संवादांचं म्हणाल तर आठवण ही रेकॉर्डिंग नसतेच. फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने लोकांना एक अनोळखी गोष्ट वाचायला देऊन नंतर पुन्हापुन्हा सांगायला लावली, तर लोक नकळत ती आपल्या ओळखीच्या साच्यात बसवत गेले, १९३२ च्या त्याच्या पुस्तकात हे सगळं आहे. त्यामुळे संवाद शब्दशः नसले म्हणून बाई खोटारडी ठरत नाही. पण घडलेलीच नाही अशी घटना घडली म्हणून सांगणं वेगळं, तिथे शंका जरूर घ्या, फक्त पानावर बोट ठेवून घ्या.

स्वतःच्या गोष्टी बंद करू नका हं, आत्मकथन वाचून त्या वर येणारच. फक्त पहिला तासभर पुस्तक आणि मग ज्याला सांगायचंय त्याने सांगावं, आणि ग्रुपमध्ये बोललेलं बाहेर जाणार नाही हे आधीच ठरवून टाका.

त्या मैत्रिणीला भेटीआधी फोन करा, पण 'तू गप्प का होतीस' असं विचारू नका. यावेळी कुठली पानं वाचणार ते सांगा, नुसतं ऐकायला आलीस तरी चालेल म्हणा. एखादं प्रकरण नको म्हणाली तर ते सोडून द्या आणि का सोडलं ते ग्रुपला सांगत बसू नका.